कोण कोणाच्या घरात जातं

त्या नोकरीत मला दिवसभर एक गाव पाहत बसायचं होतं. गाव खरं नव्हतं, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं होतं. चाळीस घरं आणि त्यात दीडशेच्या वर माणसं. कोणी भिंतीतून आरपार गेलं, कोणी खाट नसताना हवेत झोपलं, की ती चूक वहीत लिहायची, एवढंच माझं काम. बी.एस्सी. होऊन मी वर्षभर घरीच होते. बाभुळगावजवळच्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीने यवतमाळला जाऊन संध्याकाळी परत येता येत होतं, म्हणून मायनेही नाही म्हटलं नाही.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. खाली बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. त्या औषधांचा वास जिन्याने वर यायचा आणि खोलीत मुक्काम करायचा. पावसाळ्याच्या शेवटी, फवारणीच्या दिवसांत, तो डब्यातल्या भाकरीत शिरायचा, ओढणीत राहायचा. घरी गेल्यावर माय म्हणायची, आधी आंघोळ कर, मग चुलीजवळ ये. आजही त्या नोकरीची आठवण निघाली की पहिल्यांदा तो वास येतो आणि तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

आमचे सर यवतमाळच्या वकिलांच्या घरातले. आजोबा वकील, वडील वकील, काका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. हे मात्र पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकले, तिथे बरीच वर्षं नोकरी केली आणि एक दिवस सगळं सोडून परत आले. त्यांना असा व्हिडिओ गेम करायचा होता ज्यात जिंकायचं नाही, मारामारी नाही. एक गाव आपल्या चालीने जगतंय आणि खेळणारा त्यातला एक माणूस होऊन राहतोय, बस. त्या काळात कापसाने जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं. रोज कुठली ना कुठली टीव्हीची गाडी घाटंजीच्या नाहीतर मुकुटबनच्या रस्त्याने रडणारी माणसं शोधत फिरायची. सर म्हणायचे, "मला रडणारं गाव नको. मंगळवारी दुपारी दोन वाजता गावात जे चाललेलं असतं, ते मला हवंय." या एका वाक्यासाठी मी त्यांना मनातून मानत होते. पुढे जी किळस आली ती इतकी टिकून राहिली, त्याला कारण हेच असावं. वाईट माणसाकडून मी दुसरी काही अपेक्षाच केली नसती.

त्या गावातल्या प्रत्येक माणसाला चार आकडे होते: भूक, तहान, थकवा आणि एकटेपणा. आकडा वाढला की माणूस उठायचा आणि तो जिथे कमी होईल अशा सगळ्यांत जवळच्या जागी जायचा. तहान लागली की विहीर, भूक लागली की चूल, एकटं वाटलं की दुसरं माणूस. कोणी केव्हा कुठे जावं हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. आमचा प्रोग्रामर माझ्याच वयाचा, दारव्ह्याचा होता. तो सांगायचा, "आपण फक्त भूक लावून देतो. बाकी ते आपलं आपलं पाहून घेतात."

गरिबीतला कारभार होता आणि तो दिसायचा. सगळ्या बायांना मिळून तीनच चेहरे होते, लुगड्याचा रंग तेवढा वेगळा. बोलणं बसवायचं राहिलं होतं म्हणून अख्खं गाव मुकं. बैलांची चाल करायला कोणाला वेळ झाला नव्हता, तेव्हा त्यांना कुत्र्याची चाल लावून दिली होती. खांद्यावर जू घेतलेली जोडी वावरातून तुरुतुरु पळायची. लोडशेडिंग सुरू झालं की इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालायचा आणि तो बहुतेक माझा असायचा, कारण गाव एकदा बंद पडलं की पुन्हा पहाटेपासून सुरू करावं लागे.

सुरुवातीचे दोन-तीन महिने मला ते काम आवडलं, हे सांगितलं पाहिजे. चुका शोधता शोधता मला दुसरंच काही दिसायला लागलं. एक माणूस कापूस वेचून झाल्यावर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसायचा. दुसऱ्याचा एकटेपणा वाढायचा, तो येऊन त्याच्यापासून हातभर अंतरावर बसायचा. दोघांचाही आकडा खाली यायचा. मग उठायला काही कारण नसल्यामुळे दोघंही तसेच बसून राहायचे, कापसाकडे तोंड करून, अंधार पडेपर्यंत. एक हिरव्या लुगड्याची बाई रोज दुपारी शाळेच्या पायरीवर येऊन बसायची. शाळेत तिचं कोणी नव्हतं. तिथली सावली तिच्या घरापासून सगळ्यांत जवळ होती, एवढंच. मी वहीत लिहायला पेन उचलायचे आणि ठेवून द्यायचे. ह्यात चूक काय लिहायची?

गावाच्या शेवटी एक गल्ली होती. चित्रं काढणाऱ्याने खऱ्या गावांचे फोटो पाहून गाव काढलं होतं, त्यामुळे त्या गल्लीच्या तोंडाशी निळा झेंडा होता, छोटं विहार होतं, घरं जरा खुजी होती. म्हणजे वस्ती कोणाची हे कोणी सांगायची गरज नव्हती. आमची गल्ली तशीच आहे. आमच्या घरच्यांनी छप्पन्नच्या पुढे दीक्षा घेतली, माझा जन्म नंतर खूप वर्षांनी बौद्ध घरातच झाला. पडद्यावरच्या त्या गल्लीत एक म्हातारी एकटी राहत होती. एका दुपारी तिला भूक लागली. तिच्या स्वतःच्या घरात चूल ठेवायची राहून गेली होती, आणि गल्लीतले बाकी लोक दुपारी वावरात असल्यामुळे तिथल्या चुली विझलेल्या असत. ती काठी टेकत निघाली, विहिरीवरून गेली, देवळाला वळसा घातला आणि पाटलाच्या मोठ्या घरात शिरली. बैठकीतून थेट स्वयंपाकघरात. पाटलीण चुलीपुढे बसली होती. तिने वर पाहिलंही नाही. म्हातारी तिच्या शेजारी बसली, हात तोंडाकडे नेत राहिली, भूक भागली तशी उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोजच.

मी वहीत लिहिलं: शेवटच्या गल्लीतली म्हातारी पाटलाच्या चुलीपाशी जेवते, तिच्या घरी चूल नाही. वही अजून सरांकडे गेली नव्हती.

त्याच आठवड्यात माय ऑफिसात आली. ती अंगणवाडीत सेविका होती, यवतमाळला तिची मीटिंग होती, म्हणून डोकावली. सर बाहेर गेले होते. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि गाव दाखवलं. बैलं पाहून तिने पदर तोंडाला लावला. मग म्हातारी निघाली. माय तिच्याकडे पाहत राहिली.

"हे कोन व्हय?"

"शेवटच्या गल्लीतली."

"आन् हे घर?"

"पाटलाचं."

म्हातारी चुलीपुढे बसली. माय पडद्याजवळ वाकली. मग तिचं लक्ष माझ्या वहीकडे गेलं, तिने ती वाचली. "हे कायले लिहून राह्यली तू?"

"चूक आहे ना माय. तिच्या घरी चूल पाहिजे होती."

"मंग चूल दे तिले. पन हे खोड. जेवते तं जेवू दे."

मी ते खोडलं. म्हातारीला चूल द्या, एवढंच लिहिलं. प्रोग्रामरने चूल दिली. तरी महिन्यात चार-पाच वेळा ती पाटलाकडे जायचीच, कारण बाहेर हिंडताना भूक लागली तर पाटलाची चूल जवळ पडायची. शेवटच्या गल्लीतले इतरही जायचे, कोणाच्याही घरात, आणि पाटलाचा मुलगा विहाराच्या ओट्यावर येऊन झोपायचा. माझ्या वहीत यातलं काहीच नव्हतं.

दिवाळीनंतर सरांनी एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं. ग्रामीण जीवनावर त्यांचा अभ्यास होता. खेळ खरा वाटतो का, हे त्यांनी पाहून सांगायचं होतं. गोरेपान, मऊ आवाजाचे गृहस्थ. औषधाच्या वासाने त्यांनी रुमाल नाकाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. बैलांना पाहून ते काही बोलले नाहीत. तीन चेहऱ्यांच्या बायांना पाहूनही नाही. मग शेवटच्या गल्लीतला एक माणूस पाटलाच्या स्वयंपाकघरात शिरला आणि ते रुमालाआड हसले.

"हे असं होत नाही हो. इथे सगळा खेळ खोटा पडतो."

सर चमकले. "हे आमच्या लक्षातच आलं नाही," ते म्हणाले. ते खरं असावं. त्यांच्या घरात कोण कुठपर्यंत येतं हे त्यांना कधी लक्षात ठेवावं लागलंच नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या वहीत नाही हे?"

"नाही," मी म्हटलं.

प्राध्यापकांनी उपाय सांगितला. प्रत्येक घरापुढे दुसऱ्या प्रत्येक घराचा एक आकडा ठेवायचा. शून्य म्हणजे यायचंच नाही. एक म्हणजे अंगणापर्यंत. दोन म्हणजे ओट्यापर्यंत. तीन म्हणजे बैठकीत. चार म्हणजे चुलीपर्यंत. विहीर, चहाचं हॉटेल, देऊळ, गिरणी यांनाही तसेच आकडे. "एकदा तक्ता झाला की गाव आपोआप खरं वागायला लागेल," ते म्हणाले.

ते गेल्यावर सर माझ्या टेबलाशी आले. थोडा वेळ घुटमळले. "तक्ता तूच करशील का? म्हणजे, तुला जास्त माहीत असेल."

मी नाही म्हणू शकत होते. ती नोकरी गेली असती तर आम्ही उपाशी मरणार नव्हतो, मायचं मानधन होतं, बापाचं शिवणयंत्र होतं. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधलं. मला वाटतं, आपल्याला काहीतरी येतं आणि इथे बाकी कोणाला ते येत नाही, याचा मला आत कुठेतरी गर्व झाला होता. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

चार दिवसांत तक्ता झाला. मला कोणाला एकदाही विचारावं लागलं नाही. कोणत्या बाईला पाटलाच्या मागच्या दाराने गोठ्यापर्यंत येता येतं पण पुढच्या दाराने ओट्यापर्यंतही नाही. कोणाला हॉटेलात बाकावर जागा मिळते आणि कोण कप विसळून उपडा ठेवतं. लग्नाच्या दिवशी कोणाची पंगत कोणत्या बाजूला. हात भराभर चालत होता. प्रोग्रामर मागून डोकावून म्हणाला, "किती बारीक केलं आहेस." त्याने मनापासून म्हटलं होतं.

एका जागी मात्र हात थांबला. शेवटच्या गल्लीच्याही पलीकडे, नाल्याच्या काठी, चित्रकाराने दोन घरं काढली होती. आमच्या गावातही तशी दोन घरं आहेत, आमच्याहूनही खालची मानल्या जाणाऱ्या जातीची. ती माणसं आमच्याकडे आली तर ओट्यावर बसायची. मायने त्यांना कधी उठवलं नव्हतं आणि कधी आत या म्हणूनही म्हटलं नव्हतं. तक्त्यात शेवटच्या गल्लीतल्या घरांपुढे त्यांना दोन लिहायला हवं होतं. मी चार लिहिलं. सोळाशेच्या वर आकडे होते, ते सगळे खरे, आणि आमच्या चुलीपुढचे तेवढे खोटे.

पुढच्या आठवड्यात प्राध्यापक पुन्हा आले. तक्ता बसवलेलं गाव आम्ही सगळे मिळून पहिल्यांदाच पाहत होतो. सकाळ झाली. शेवटच्या गल्लीतल्या बायांना तहान लागली, त्या घागरी घेऊन निघाल्या. विहीर चार हातांवर आली आणि थांबल्या. विहिरीपुढे त्यांच्या नावावर मीच लिहिलेलं शून्य होतं. तिथून पुढे जाता येत नव्हतं आणि तहान भागायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मागेही फिरत नव्हत्या. दुसऱ्या बाया यायच्या, पाणी भरायच्या, त्यांच्या अंगावरून जायच्या. ह्या उभ्याच. दुपार झाली, सावल्या फिरल्या. तिन्ही चेहरे तेच, शांत, घागर कमरेवर.

दुसऱ्या बायांनी त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतून द्यायचं, हे कोणी लिहिलेलं नव्हतं. उभं राहायचंही कोणी लिहिलेलं नव्हतं.

प्राध्यापकांनी रुमाल नाकावरून काढला. त्यांचे डोळे ओले झाले होते. "हे विलक्षण आहे. हे कसं साधलंत तुम्ही?"

"आपोआप झालं," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता.

माझ्या मायची माय अशी उभी राहायची. मायने लहानपणी तिच्याबरोबर उभं राहून पाहिलं होतं. पायाला मुंग्या यायच्या, एवढंच ती सांगायची, पुढचं सांगायची नाही. मी उठून मागच्या मोरीत गेले. तिथे खालच्या दुकानाची रिकामी पिंपं ठेवलेली असत. मी ओकले, तोंड धुतलं, पुन्हा ओकले.

प्राध्यापक गेल्यावर मी सरांना विचारलं, "त्या बायांना पाणी कोण देणार?"

"बघू. पुढच्या टप्प्यात."

"तोवर?"

"तोवर काय? त्या काही खरोखर तहानलेल्या नाहीत."

"पाटलाचं घरही खरोखरचं नव्हतं, सर. ती म्हातारी तिथे जेवली तर काय बिघडत होतं?"

"लोकांना खोटं वाटलं असतं."

"बैलं कुत्र्यावानी पळून राह्यले," मी म्हटलं. ऑफिसात मी कधी अशी बोलत नसे. "ते कोनाले खोटं नाही वाटलं?"

प्रोग्रामर खाली पाहत होता. सरांनी खुर्ची ओढून घेतली. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "मी त्याचं समर्थन करत नाहीये. मी फक्त दाखवतोय. आणि तूच तर तक्ता केलास. इतकं मनाला लावून घेऊ नकोस."

त्यातलं तक्त्याचं वाक्य खरं होतं. मी वही मिटली आणि पिशवी उचलली. घरी जाताना एसटीत मला हेही कळलं की त्या म्हातारीला पाटलाने कधी बोलावलं नव्हतंच. अडवायचं कोणी विसरलं होतं, तेवढी तिची जागा होती, आणि मी महिनोन्महिने तिला काहीतरी मोठं घडतंय म्हणून पाहत बसले होते.

रात्री जेवताना मी मायला सगळं सांगितलं. विहिरीचं ऐकताना तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. तक्त्याचं ऐकून विचारलं, "नाल्याकडच्या घराईचं काय लिवलं? आपल्या चुलीले?"

"चार."

"खोटं लिवलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "पाटलाचं खरं लिवलं आन् आपलं खोटं."

बाप ताटावरून उठून गेला. मायने उरलेली भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नाल्याकडच्या एका बाईला घरात बोलावून चहा दिला. ती बाई संकोचून उंबऱ्याशीच बसली, कप हातात धरून, आणि माय तिच्याशी अंगणवाडीच्या खिचडीबद्दल नको इतकं बोलत राहिली. मी आतल्या खोलीत होते. मला दोघींचीही दया आली नाही. सगळ्याचीच शिसारी आली होती, त्यात आधी स्वतःची.

महिना भरला तशी मी नोकरी सोडली. सरांनी विचारलं, मी तब्येत म्हणून सांगितलं. नंतर त्यांचे दोन फोन आले. पहिल्यात ते खुशीत होते: नागपूरच्या एका कॉलेजात त्यांनी गाव दाखवलं होतं आणि विहिरीच्या दृश्याला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्यात त्यांना तक्त्यातल्या काही आकड्यांबद्दल विचारायचं होतं. मी दोन्ही वेळा ऐकून फोन ठेवला. खेळ पुरा झाला नाही. बोलणं कधी बसलं नाही, बैलं तशीच राहिली. दुसऱ्या वर्षी खालच्या दुकानदाराने त्या खोल्या औषधाच्या गोदामासाठी घेतल्या. मी बाभुळगावला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले.

पुढे तीन-चार वर्षांनी यवतमाळच्या बसस्टँडवर प्रोग्रामर भेटला. हैदराबादला मोठ्या कंपनीत होता, गावी आला होता. त्याने आग्रहाने चहा पाजला. कपबशी पुढे सरकवत म्हणाला, "तुला एक सांगायचंच होतं. मुलाखतीत मी आपला तो तक्ता दाखवला होता. सगळे पाहतच राहिले. त्याच्यावरच निवड झाली माझी. तुझं नाव नाही घेतलं, पण आठवण काढली."

तो मनापासून आभार मानत होता. तो तक्ता माझ्यासाठी काय होता हे त्याला कसं सांगावं ते मला सुचलं नाही, आणि सांगून काही झालं असतं असंही वाटलं नाही. मी म्हटलं, "बरं झालं." चहा अर्धा टाकला आणि एसटी लागली म्हणून उठले. एसटी लागलेली नव्हती. ती यायला आणखी पाऊण तास होता, आणि तेवढा वेळ मी स्टँडच्या मागच्या बाजूला, मुतारीच्या वासात, भिंतीला पाठ लावून उभी होते.